सुट्टीतलं व्हेनिस : बडोद्यातल्या मुलांच्या वर्कशॉपबद्दल जरा सविस्तर

मे महिन्यात मुलांना कुठे पाठवायचं हा प्रश्न आमच्याकडे पण दरवर्षी असतोच, स्विमिंग, स्केटिंग, अबॅकस, रोबोटिक्स सगळ्यांचे बोर्ड रस्त्याला लागलेले असतात, त्यात यंदा नणंदेकडून कळलं की दांडिया बाजारच्या बाजूला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर एक ताई मुलांसाठी वर्कशॉप घेतात आणि सगळं वर्कशॉप फक्त एका शहरावर असतं. शहर कुठलं तर व्हेनिस. आणि शिकवणं मराठीत. माझी थोरली सहावीत आहे, धाकटा तिसरीत, दोघांनाही घातलं. आता ओळखीच्या बऱ्याच जणी विचारतायत म्हणून लिहितेय. आधीच सांगते, पाठवा. काही गोष्टी पटल्या नाहीत, त्या पण लिहिणार आहे, पण पैसे वाया गेले असं एकदाही वाटलं नाही.

एकच शहर का, असा प्रश्न मला पण पडला होता. पण आधी एका ठिकाणी आम्ही ते वर्ल्ड टूर टाइपचं शिबिर केलं होतं, रोज एक देश, झेंडा रंगवायचा, आइस्क्रीमच्या काड्यांचा आयफेल टॉवर करायचा, पिझ्झा खायचा, संपलं. आठवड्यानंतर मुलांना इटलीचा झेंडा कुठला आणि मेक्सिकोचा कुठला ते पण आठवत नव्हतं. इथे उलटं आहे, एकाच गावात मुलांना इतकं फिरवतात की ते गाव चालतं कसं ते त्यांना समजतं. पाणी कुठून येतं, कचरा कोण नेतो, घर उभं कशावर आहे, लोक जेवतात काय, या प्रश्नांवरून जातात आणि मग चर्च, राजवाडे, पूल आपोआप येतात. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

सुरुवातच बघा ना. मला वाटलं होतं गोंडोलाचा मोठा फोटो दाखवतील. ताईंनी चिखल आणला. मोठ्या परातीत काळी माती, वर पाणी, आणि मुलांना सांगितलं की यावर घर बांधा. पुठ्ठ्याची घरं लगेच कलली, बुडाली. मग हातात बांबूच्या बारीक काड्या दिल्या, त्या चिखलात खालच्या घट्ट थरापर्यंत खोचायच्या, एकमेकींना चिकटून, वर फळी ठेवायची आणि फळीवर घर. उभं राहिलं. मग ताईंनी सांगितलं की व्हेनिस असंच बांधलंय, खाडीतली ११८ छोटी बेटं, त्यांच्या मऊ गाळात लाकडाचे खांब ठोकून त्यावर दगड रचून घरं उभी केली, आणि सांता मारिया देल्ला सालूते नावाचं जे मोठं घुमटाचं चर्च आहे त्याच्या खाली दहा लाखांच्या वर खांब आहेत असं म्हणतात. यावर कोणीतरी विचारलंच की पाण्यात लाकूड सडत नाही का. उत्तर ताईंनी लगेच दिलं नाही, मुलांना घरी विचार करायला लावलं, आणि आमच्याकडे त्या रात्री जेवताना दुसरा विषयच नव्हता, आजोबांनी पण भाग घेतला. दुसऱ्या दिवशी कळलं की गाळात ऑक्सिजन नसतो, म्हणून लाकूड कुजवणारी बुरशी आणि किडे तिथे जगत नाहीत, खांब शेकडो वर्षं टिकतात. धाकट्याला हे इतकं पक्कं बसलंय की तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आणि अर्थात बडोद्याची मुलं, त्यामुळे पाण्याचं नाव निघाल्याबरोबर पहिला प्रश्न, ताई, तिथे मगर येते का घरात? ताई हसल्या नाहीत, नीट उत्तर दिलं, मगर नाही, तिथलं पाणी समुद्राचं खारट, त्यात मासे, खेकडे, शिंपले, वर सीगल पक्षी जे माणसाच्या हातातलं खाणं उचलून नेतात. मग मुलांना ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आठवला. सगळ्यांकडे काही ना काही सांगायला होतं, कुणाच्या पार्किंगमध्ये पाणी, कुणाकडे लाइट नाही, कुणाला बोटीतून आणलेलं. ताईंनी सगळ्यांना बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही, आणि तिथून अलगद व्हेनिसच्या पुरावर आल्या. भिंतीवर खडूने रेघ मारली, १९४ सेंटीमीटर, ४ नोव्हेंबर १९६६ ची भरती. तिच्या खाली दुसरी, १८७ सेंटीमीटर, नोव्हेंबर २०१९. मुलं रेघेला पाठ लावून उभी राहून बघत होती की आपण बुडतो का. मला तेव्हाच शंका आली होती की हे मोजमाप रस्त्यापासूनचं नसणार, आणि ताईंनी पुढच्या मिनिटाला तेच सांगितलं, की हे समुद्राच्या ठरलेल्या पातळीपासून मोजतात, रस्ते त्याहून वर आहेत, त्यामुळे सान मार्को चौकातल्या माणसाच्या अंगाला साधारण कमरेपर्यंत किंवा थोडं वर पाणी लागलं असेल. इतकं काळजीपूर्वक सांगणारं माणूस मुलांना मिळालं याचं मला फार बरं वाटलं.

विश्वामित्रीचा पूर आणि तिथला पूर यातला फरक पण मुलांनी स्वतः काढला. आपल्याकडे पाऊस, वरून आजवा तलावातून सोडलेलं पाणी, आणि ते ओसरायला दिवस जातात. तिकडे भरती, त्यात वाऱ्याने समुद्राचं पाणी आणखी आत ढकललं जातं आणि काही तासांत ओहोटीला परत जातं. मग खाडीची तीन तोंडं आणि तिथे तळाशी झोपवलेली ७८ पिवळी दारं, मोठी भरती येणार असली की त्यांच्यात हवा भरतात आणि ती उभी राहतात, ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा खऱ्या भरतीला अडवलं. यासाठी ताईंनी प्लास्टिकच्या बाटल्या बिजागरीला लावून एक मॉडेल केलं होतं, नळीने फुंकलं की बाटली वर येते. बॅचमधल्या मुलांनी ते इतक्या वेळा फुंकलं की शेवटी नळी फाटली. माझ्या मते अख्ख्या वर्कशॉपमधलं हे सर्वात चांगलं मॉडेल होतं.

नकाशाचा दिवस पण छान गेला. जमिनीवर मोठं कापड पसरून त्यावर शहराचा नकाशा, मधून उलट्या एससारखा वळणारा ग्रँड कॅनाल, जवळजवळ चार किलोमीटर लांब, आणि त्यावर पूल फक्त चार. बाकी शहरात मिळून चारशेच्या वर पूल पण या मोठ्या कालव्यावर चारच, त्यातला रियाल्तोचा दगडी पूल १५९१ मध्ये पूर्ण झाला आणि त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षं कालवा पायी ओलांडायचा तर तोच एक. मुलांना चिठ्ठ्या दिल्या होत्या, तुमच्या घरी गॅस सिलिंडर कसा येणार, आजीला दवाखान्यात कसं नेणार, फ्रिज घेतला तर घरी कसा आणणार. गाडी नाही, स्कूटर नाही, सायकल पण चालवत नाहीत. अँब्युलन्स बोट, फायर ब्रिगेडची बोट, कचऱ्याची बोट, भाजीची बोट, बसच्या जागी व्हापोरेत्तो. थोरलीला पत्त्यांचा प्रकार खूप आवडला, शहराचे सहा भाग आणि एका भागात घरांचे नंबर एकाच ओळीने हजारोंमध्ये जातात, रस्त्याप्रमाणे नाहीत, त्यामुळे नुसत्या नंबरवरून घर शोधणं नवीन माणसाला जमतच नाही. ती म्हणाली, आई, मांडवीच्या पोळीत (म्हणजे जुन्या गल्लीबोळांच्या वस्तीत) आपण मावशीचं घर शोधतो तेव्हा पण विचारत विचारतच जातो. खरंय.

आता गोंडोला. इथे माझी पहिली तक्रार आहे. सांगताना ताईंनी इतकं सुंदर सांगितलं, अकरा मीटर लांबीची दोरी गच्चीवर टाकून दाखवली, गोंडोला सरळ नसतो, डावी बाजू उजवीपेक्षा जवळपास २४ सेंटीमीटर रुंद असते, कारण नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्याने उजव्या बाजूला वल्हवतो, बोट दोन्हीकडून सारखी असती तर एकाच बाजूला वळत राहिली असती, या वाकडेपणामुळे ती सरळ जाते. मुलं ऐकतच राहिली. आणि मग करायला काय दिलं तर तयार कापलेला पुठ्ठा, दोन्ही बाजू अगदी सारख्या, काळा रंग द्या आणि टोकाला चंदेरी कागद लावा. अहो, जे शिकवलं तेच हातातून निसटलं ना. मुलांना एक सरळ आणि एक वाकडी अशा दोन बोटी करू दिल्या असत्या आणि बादलीत सोडून बघायला लावलं असतं तर ते कायमचं बसलं असतं. मी ताईंना हे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, पुढच्या वेळी बघू.

राजवाड्याची ट्रिप मात्र सगळ्या तक्रारी विसरायला लावणारी होती. लक्ष्मी विलास पॅलेस आपण सगळ्यांनी पाहिलेला, पाहुणे आले की नेतोच, पण दरबार हॉलमध्ये उभं राहून मी आजवर वरच बघत आलेय, झुंबरं, रंगीत काचा. या वेळी मुलांनी खाली बघितलं. जमीन व्हेनिशियन मोझेकची आहे. सयाजीराव महाराजांच्या वेळी, १८९० मध्ये राजवाडा पूर्ण झाला, त्यात व्हेनिसची ही कला आली आणि ती आजही आपल्या गावात आहे. फेलिची नावाच्या इटालियन शिल्पकाराचे पुतळे पण तिथेच आहेत, ब्राँझचे, संगमरवराचे, मुलांना ते पुतळे आधी फक्त पुतळे होते, आता नावासकट आहेत. ताईंनी तिथे फार बोललं नाही, फक्त एकेका मुलाला एक चौकोन नेमून दिला, यातले तुकडे बघा, रंग किती, मोठे किती, लहान किती, कडेला कसे बसवलेत. परत आल्यावर सान मार्कोच्या चर्चच्या छतावरचे सोन्याचे मोझेक फोटोत दाखवले, आठ हजार चौरस मीटरच्या वर, आणि सांगितलं की काचेच्या दोन थरांत सोन्याचा वर्ख असतो, तुकडे मुद्दाम किंचित तिरके बसवतात म्हणजे उजेड हलला की भिंत चमकते. मग मुलांनी बांगड्यांचे तुकडे आणि फुटक्या टाइल्स वापरून प्लास्टरमध्ये आपापलं मोझेक केलं. थोरलीने पंखवाला सिंह केलाय, सेंट मार्कचा, तो आता आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर आहे, सासूबाईंनीच लावला. राजवाड्याचं तिकीट फीमध्ये धरलेलं नव्हतं, वेगळं द्यावं लागलं, हे आधी सांगायला हवं होतं.

खंभातचा, म्हणजे गुजरातमधल्या जुन्या बंदराचा, भाग मला स्वतःला नवीन होता. मार्को पोलो व्हेनिसचा, १२७१ मध्ये घरून निघाला आणि १२९५ ला परत पोचला, चीनपर्यंत गेला हे आपल्याला शाळेत असतं, पण त्याच्या वर्णनात गुजरात आहे, खंभात आहे, इथली नीळ, कापूस, आणि रंगीत चामड्यावर सोन्या-चांदीच्या तारेने पक्षी-प्राणी भरलेल्या चटया आहेत हे मला माहीत नव्हतं. ताईंनी दोन वाट्या फिरवल्या. एकीत खंभातचे अकीक दगडाचे मणी, दुसरीत काचेचे व्हेनिसच्या पद्धतीचे मणी. डोळे मिटून हात लावा, कुठला थंड, कुठला जड. अकीक भट्टीत तापवून त्याचा लाल रंग कसा खुलवतात ते सांगितलं, मग मुरानोची गोष्ट, १२९१ मध्ये व्हेनिसच्या सरकारने काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानो बेटावर नेल्या, कारण शहरात लाकडी घरं भरपूर आणि आगीची भीती. आणि काच बनवणाऱ्या कारागिरांना बाहेरच्या देशात जाऊन ही विद्या शिकवायची बंदी. मुलांचा यावर चांगलाच वाद झाला, कारागिरांवर अन्याय होता की नव्हता. एक मुलगा म्हणाला त्यांना मान होता, पैसे होते, मग काय बिघडलं, माझी थोरली म्हणाली पण जायचं असेल तर जाऊ द्यायला नको का. दहा-अकरा वर्षांची मुलं मराठीत असा वाद घालतायत, मध्ये मध्ये गुजराती घुसतंय, ‘पण एमां शुं’ वगैरे, पण चाललंय, हे बघून मला खरंच भरून आलं. आमच्या मुलांची शाळा इंग्लिश मीडियम, खेळायला गुजराती, मराठी फक्त घरात आणि ती पण जेव-झोप-अभ्यास कर एवढ्यापुरती. भरती-ओहोटी, खांब, गाळ, घुमट, कारागीर हे शब्द त्यांच्या तोंडात आले ते या वर्कशॉपमुळे.

मिऱ्यांचा पण एक छोटा खेळ होता, मलबारहून निघालेली मिरी तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसच्या जहाजात, प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढत जाते, मुलं व्यापारी. ठीक होता, मोठ्यांना मजा आली, लहान मुलं मिरी चावून रडली.

जेवणाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते म्हणून जरा नीट लिहिते. आपल्याकडे बऱ्याच घरांत शुद्ध शाकाहारी, काही घरांत मासे चालतात, आणि व्हेनिसचं जेवण म्हणजे मुख्य मासेच. ताईंनी हे लपवलं नाही. सार्डिन मासे तळून कांदा, व्हिनेगर, बेदाणे घालून मुरवतात, म्हणजे जहाजावर बरेच दिवस टिकतात, हे सगळं सांगितलं, फोटो दाखवले, आणि ज्या मुलांच्या घरी चालत नाही त्यांनी पण कुतूहलाने ऐकलं, कुणी छी केलं नाही कारण ताईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की दुसऱ्याच्या ताटाला नावं ठेवायची नाहीत. करायला मात्र घेतला रिझी ए बिझी, तांदूळ आणि मटार. २५ एप्रिल, सेंट मार्कचा दिवस, त्या दिवशी व्हेनिसचा जो प्रमुख असायचा, दोजे, त्याला हा पदार्थ वाढायची पद्धत होती. पुलाव नाही आणि सूप पण नाही, आजारपणात आपण करतो त्या मऊ भाताइतपत सैल, वर लोणी आणि चीज. मूळ पदार्थात डुकराचं मांस घालतात, ते वगळलं. चीजच्या बाबतीत ताईंनी एक गोष्ट सांगितली जी आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसेल, खरं पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, बनवतात, म्हणजे ते शाकाहारी नसतं, म्हणून त्यांनी पाकिटावर हिरवी खूण असलेलं इथलंच चीज आणलं होतं आणि ती खूण मुलांना दाखवली. इतकी काळजी मी महागड्या इटालियन हॉटेलात पण बघितलेली नाही.

फक्त मटार. मे महिन्यात बडोद्यात ताजा मटार कुठून आणणार, फ्रोझन वापरला. या पदार्थाची खरी गंमत अशी की मटारच्या शेंगांची सालं उकळून त्या पाण्यात भात शिजवतात, गोडसर वास येतो, हे ताईंनी सांगितलं पण करून दाखवता आलं नाही. हा एक दिवस जानेवारीत ठेवावा, खंडेराव मार्केटमध्ये मटाराचे ढीग असतात तेव्हा. मी घरी नंतर आंबेमोहोर घेऊन केला, बासमती अजिबात घेऊ नका, मोकळा होतो, चिकट तांदूळच हवा. सारखं हलवत राहायचं आणि गरम पाणी थोडं थोडं घालायचं. घरात सगळ्यांनी खाल्ला, सासऱ्यांनी वरून लसणाची चटणी घेतली.

पोलेंता म्हणजे मक्याच्या जाडसर रव्याची उकड, ती मुलांना आवडली नाही, परत फार कुणी घेतली नाही. मका अमेरिकेहून युरोपात आला आणि मग गरिबांचं रोजचं जेवण झाला हे ऐकायला छान होतं. तिरामिसू मात्र मला पटलं नाही. तो पदार्थ मुळात व्हेनिसजवळच्या त्रेविझो भागातला, अंडी, कॉफी, मास्कारपोने चीज हे त्याचं सगळं सार, आणि इथे अंडं नाही, मुलांना कॉफी नको, चीजऐवजी व्हिप्ड क्रीम. म्हणजे बिस्किटं आणि क्रीम. मुलांनी चाटूनपुसून खाल्लं पण मग ते नाव कशाला द्यायचं, त्यापेक्षा कार्निव्हलच्या दिवसांत तिकडे बेदाणे घालून पिठाचे गोळे तळतात, फ्रितोले, ते सहज झाले असते आणि बिनअंड्याचे पण जमले असते.

मुखवट्यांचा दिवस प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो तसाच असेल वाटलं होतं, पण कागदाचा लगदा खरोखर कुटून केला, आजी करायच्या तसा मेथीची पूड घालून, म्हणजे कीड लागत नाही. वाळायला दोन दिवस गेले, गच्चीवर ओळीने ठेवले होते. लांब चोचीचा जो प्लेगच्या डॉक्टरचा मुखवटा असतो त्याला मात्र दोन-तीन छोटी मुलं घाबरली आणि एक रडायलाच लागली. १६३० च्या प्लेगची गोष्ट, त्यातून सुटलो म्हणून बांधलेलं ते सालूतेचं चर्च, रोगी ठेवायला वेगळं बेट, जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवणं, हे सगळं सहावी-सातवीच्या मुलांना फार छान समजतं, कोरोना त्यांनी बघितलाय, पण तिसरीच्या मुलांना रात्री झोप लागत नाही. आमच्या धाकट्याने दिवा लावून झोपायचा हट्ट केला.

हीच माझी मोठी तक्रार आहे, वयाचे गट वेगळे करा. सात ते बारा एकत्र बसवलं की कधी छोटी मुलं कंटाळतात, कधी मोठी. मोठ्यांसाठी जो शेवटचा भाग होता, आजचं व्हेनिस, तो फार महत्त्वाचा होता आणि त्यात छोटी मुलं मागे मारामारी करत होती. १९५१ च्या सुमाराला त्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहायची, २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरं टुरिस्टना भाड्याने, किराण्याच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांची दुकानं. मोठाली क्रूझ जहाजं शहराला खेटून जायची, ती ऑगस्ट २०२१ पासून बंद केली. एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्याला पाच युरो द्यावे लागायला लागले, चौदा वर्षांखालच्या मुलांना माफ, हे ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मग थोरलीने विचारलं, मग तिथल्या शाळेत मुलं उरली असतील का. ताई म्हणाल्या उरलीत, कमी आहेत, आणि तुम्ही कधी गेलात तर त्यांच्या दारात बसून डबा खाऊ नका, पुलावर वाट अडवून फोटो काढू नका. सुंदर गावाची अशी पण ओळख मुलांना करून द्यावी असं मला मनापासून वाटतं, नाहीतर नुसतं जाऊन सेल्फी काढायचं ठिकाण होतं ते.

संगीत अगदीच घाईत उरकलं. संगीतकार विवाल्दी व्हेनिसचे, १७०३ पासून ते तिथल्या अनाथ मुलींच्या संस्थेत व्हायोलिन शिकवायचे आणि त्या मुलींचं वादन ऐकायला लांबून लोक यायचे. एवढी मोठी गोष्ट आणि ती मोबाइलच्या स्पीकरवर पाच मिनिटं ऐकवून संपवली. बडोद्यात बसून! १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांकडून संगीतशाळा सुरू करवली ते हे गाव, इथे व्हायोलिन वाजवणारं माणूस मिळणं कठीण नाही, कुणालातरी एका सकाळी बोलवायचं, मुलांना समोर बसून ऐकू द्यायचं, ते वाद्य आपल्याकडे मांडी घालून बसून कसं वाजवतात आणि तिकडे उभं राहून कसं, ते बघू द्यायचं. मी स्वतः एका ओळखीच्या काकांचं नाव सुचवलंय.

राहता राहिली सान मार्कोच्या उंच मनोऱ्याची गोष्ट, ती ज्याला त्याला विचारा, सगळ्या मुलांना पाठ आहे. १६०९ मध्ये गॅलिलिओने त्या मनोऱ्यावरून दुर्बीण दाखवली होती, आणि १४ जुलै १९०२ ला सकाळी तो अख्खा मनोरा कोसळला, एकही माणूस मेला नाही, मेली ती फक्त रखवालदाराची मांजर. नंतर त्याच जागी तसाच परत बांधला, १९१२ मध्ये पूर्ण झाला. मुलांना मांजरीचं इतकं वाईट वाटलं की सगळ्यांनी मिळून तिचं चित्र काढलं आणि ते नकाशावर मनोऱ्याच्या जागी चिकटवलं. धाकट्याला विचारलं व्हेनिसमध्ये काय बघायचंय तर तो अजून म्हणतो मांजरीची जागा.

आता कामाच्या गोष्टी. फी बाकीच्या समर कॅम्पच्या मानाने जास्त आहे, पण सगळं सामान त्यातच, मुलांना काही आणायला सांगत नाहीत, राजवाड्याचं तिकीट सोडून. सख्ख्या भावंडांना सवलत मागितली तर देतात, मी मागितली. वर्ग सकाळी असतो ते चांगलं, पण वरचा मजला पत्र्याचा, अकराच्या पुढे तापतो, कूलर एकच आहे, मुलांसोबत पाण्याची मोठी बाटली द्या. जिना अरुंद आणि उभा आहे, छोट्यांना वरपर्यंत सोडून या. दांडिया बाजारात त्या वेळेला गाडी लावायला जागा मिळत नाही, सूरसागरच्या बाजूला लावून चालत गेलेलं बरं, किंवा रिक्षा. पालकांना शेवटच्या दिवसाशिवाय आत बसू देत नाहीत, फक्त मदतीला रोज एक पालक घेतात, मी त्यात आनंदाने नाव दिलं म्हणून मला इतकं बघायला मिळालं, जमत असेल तर तुम्ही पण द्या. मराठी अगदीच येत नसेल तर पहिले काही दिवस मूल बुजतं, पण ताई गुजरातीत समजावतात.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर स्टेजवर नाच-गाणं काही नव्हतं, मुलांनीच आम्हाला त्या कापडाच्या नकाशावरून हात धरून फिरवलं. माझ्या वाट्याला दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी आली, सात वर्षांची असेल, तिने मला रियाल्तोवरून नेलं, बोटीचं तिकीट काढायला लावलं आणि चुकून कालव्यावर पाय पडला तर म्हणाली काकू, तुम्ही पडलात पाण्यात, परत स्टेशनपासून या.

दिवाळीच्या सुट्टीत पुढची बॅच आहे, शहर इस्तंबूल की लिस्बन ते अजून ठरलं नाही. वयाचे दोन गट करणार असं ताईंनी या वेळी सांगितलंय. तिसरी-चौथीच्या मुलांना घालणार असाल तर आधी ते नक्की विचारून घ्या आणि मगच पैसे भरा.